वेबपान पीडीएफ करून ठेवताना: आभासी प्रिंटर, ब्राउझरचं ‘सेव्ह’ आणि आतला मराठी मजकूर

रानजाई
शनिवार, सकाळी ९.२०

वाचनखूण (बुकमार्क) म्हणजे फक्त पत्ता. त्या पत्त्यावर मजकूर किती दिवस राहणार हे आपल्या हातात नसतं. जिओसिटीज २००९ मध्ये बंद झालं, ऑर्कुट २०१४ मध्ये, गूगल प्लस २०१९ मध्ये आणि याहू ग्रुप्स २०२० मध्ये. ऑर्कुटच्या कम्युनिट्यांवर आणि याहूच्या ग्रुपांवर मराठीत किती लिहिलं जायचं ते इथल्या जुन्या मंडळींना सांगायला नको. गझला, पाककृती, ट्रेकचे वृत्तांत, शंकासमाधानाच्या लांबच लांब चर्चा. ज्यांनी स्वतःपुरतं उतरवून घेतलं त्यांच्याकडे ते आहे, बाकीचं बहुतेक गेलं. म्हणून पुन्हा लागेल असं वाटलेलं पान मी पीडीएफ करून ठेवते, आणि तुम्हीही ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

‘पीडीएफ कशी करू?’ असं कुणी विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: कंट्रोल पी दाबा आणि प्रिंटरच्या जागी पीडीएफ निवडा. उत्तर बरोबर आहे, पण अर्धं आहे. विंडोजवर क्रोममधून प्रिंट दिलं की प्रिंटरांच्या यादीत दोन नावं दिसतात. एक ‘सेव्ह ॲज पीडीएफ’ आणि दुसरं ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’. दोन्हींतून निघणारी फाईल पडद्यावर सारखीच दिसते, त्यामुळे कुठलंही निवडलं तरी चालेल असं वाटतं. मराठी पानासाठी मात्र या दोहोंत मोठा फरक पडतो आणि धागा त्यासाठीच काढलाय.

दुसरं नाव हा आभासी प्रिंटर. संगणकाला तो खऱ्या प्रिंटरसारखाच दिसतो, फक्त कागदाऐवजी फाईल बाहेर पडते. विंडोज १० पासून, म्हणजे २०१५ पासून, तो विंडोजबरोबरच मिळतो. त्याआधी आपण सगळे पीडीएफक्रिएटर, डूपीडीएफ, क्यूटपीडीएफ, बुलझिप असं काहीतरी वेगळं टाकून घ्यायचो. पहिलं नाव, ‘सेव्ह ॲज पीडीएफ’, हा प्रिंटरच नाही. ते यादीत प्रिंटरांच्या शेजारी बसवलंय इतकंच. तिथे ब्राउझर स्वतः पीडीएफ लिहितो, मध्ये दुसरं कुणी नसतं.

आता तपासणी. एकच मराठी पान दोन्ही रस्त्यांनी साठवा. दोन्ही फायली उघडून ‘विद्यार्थी’, ‘स्थिती’, ‘प्रसिद्ध’ असे शब्द शोधा. मग एक परिच्छेद उचलून नोटपॅडमध्ये चिकटवा. आभासी प्रिंटरच्या फाईलमध्ये बऱ्याचदा शब्द सापडत नाही आणि चिकटवलेल्या मजकुरात वेलांट्या भलतीकडे जातात, जोडाक्षरं फुटतात किंवा नुसत्या चौकटी येतात. दुवेही गेलेले असतात: निळं अधोरेखित अक्षर दिसतं, पण त्यावर टिचकी मारून काही होत नाही. ब्राउझरच्या ‘सेव्ह’मध्ये दुवे राहतात आणि मजकूर बहुतेक वेळा धड हाती लागतो.

शोधता येत नाही अशी फाईल दोन-चार पानांची असेल तर चालून जातं. शेकडो लेख साठले की त्यातला हवा तो कसा काढणार?

माझी पद्धत थोडक्यात: शक्य तिथे ब्राउझरचं ‘सेव्ह ॲज पीडीएफ’, कागद ए४, ‘हेडर्स अँड फूटर्स’ (कडेला तारीख आणि पत्ता छापायची सोय) चालू, साठवल्याबरोबर एका जोडाक्षरी शब्दाचा शोध. तुम्ही काय करता?

साकव
शनिवार, सकाळी १०.०५

माहितीबद्दल धन्यवाद, पण आभासी प्रिंटरला एकदम मोडीत काढू नका. वेबपानांपुरतं तुमचं बरोबर असेल. मी हिशेबाच्या कामात आहे. जुन्या सॉफ्टवेअरांमध्ये ‘एक्स्पोर्ट’ नावाची सोयच नसते, फक्त ‘प्रिंट’ असतं. तिथे आभासी प्रिंटर नसता तर खतावण्या कागदावरच काढाव्या लागल्या असत्या. शिवाय काही आभासी प्रिंटरांत चार वेगवेगळ्या ठिकाणचे प्रिंट रांगेत थांबवून त्यांची एकच फाईल करता येते. बिल एका प्रोग्रॅममधून, पत्र दुसऱ्यातून, तक्ता तिसऱ्यातून, आणि पक्षकाराला जाते एक पीडीएफ. हे ब्राउझरचं ‘सेव्ह’ करू शकत नाही.

रानजाई
शनिवार, सकाळी १०.३१

साकव, पूर्ण मान्य. ज्या प्रोग्रॅमला फक्त छापता येतं त्याच्यासाठी आभासी प्रिंटरच हवा. माझं म्हणणं वेबपानांबद्दल आणि त्यातही मराठी पानांबद्दल आहे. ब्राउझरकडे मजकूर मजकुराच्या रूपात असताना तो छपाईच्या वाटेने पाठवून आपण हातचं घालवतो.

कळसूत्री
शनिवार, दुपारी १२.१८

हे असं का होतं ते जरा सविस्तर लिहितो, म्हणजे कुठल्या रस्त्याने जायचं ते प्रत्येकाला आपलं आपण ठरवता येईल.

अडोबी कंपनीने पीडीएफ १९९३ मध्ये आणलं. त्याआधी त्यांची पोस्टस्क्रिप्ट ही भाषा होती, प्रिंटरला ‘कागदावर इथे ही रेघ ओढ, तिथे हा आकार उमटव’ असं सांगणारी. पीडीएफ त्याच घराण्यातलं आहे, म्हणून त्याचा स्वभाव कागदाचा आहे. पूर्वीचे बहुतेक फुकट आभासी प्रिंटर असं चालायचे: प्रोग्रॅम छापायला सांगतो, पोस्टस्क्रिप्टचा ड्रायव्हर त्याची पोस्टस्क्रिप्ट बनवतो, ती केबलमधून प्रिंटरकडे जाण्याऐवजी घोस्टस्क्रिप्ट या प्रोग्रॅमकडे वळवली जाते आणि तो पीडीएफ लिहितो. घोस्टस्क्रिप्ट १९८८ पासून आहे. पडद्यावरची नावं वेगवेगळी असली तरी कितीतरी आभासी प्रिंटरांच्या पोटात तेच असतं. विंडोजच्या प्रिंटरची आतली यंत्रणा वेगळी आहे, पण तत्त्व तेच: छपाईच्या वाटेने फक्त रेखाटन जातं. ‘हे शीर्षक आहे’, ‘हा दुवा आहे’, ‘ही यादी आहे’ असं सांगायची सोय त्या वाटेवर नाही, कारण खऱ्या प्रिंटरला त्याची गरजच नव्हती. रानजाई म्हणतात ते दुवे याच कारणाने मरतात.

आता देवनागरी. ‘कि’ लिहिताना आपण आधी क देतो, मग वेलांटी. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरांना क्रमांक देण्याच्या जागतिक पद्धतीत, साठवण त्याच क्रमाने होते. उमटताना मात्र वेलांटी आधी आणि क नंतर. ‘अर्क’मधल्या रफाराचं उलट: साठवताना र आधी, उमटताना रफार शेवटी, क च्या डोक्यावर. ‘क्ष’ तर आत तीन खुणांचा आहे, क, हलन्त आणि ष, पण फॉन्टमध्ये त्याचा आकार एकच. पीडीएफमध्ये साठतो तो फॉन्टमधल्या आकाराचा क्रमांक आणि त्याची कागदावरची जागा. त्या आकारावरून मूळ अक्षर ओळखायला फाईलमध्ये ‘टू-युनिकोड’ नावाचा एक तक्ता ठेवता येतो: अमुक क्रमांकाचा आकार म्हणजे अमुक अक्षरं. हा तक्ता असेल तर ‘क्ष’ सुटतो, कारण एका आकारासमोर तीन खुणा लिहिता येतात. पण उलटलेला क्रम या तक्त्याने सुटत नाही. त्यासाठी ‘ॲक्च्युअल टेक्स्ट’ अशी आणखी एक सोय पीडीएफमध्ये आहे. त्या आकारांच्या गटावर ‘याचा खरा मजकूर हा’ अशी चिठ्ठी लावता येते.

चिठ्ठी लावायची तर मूळ मजकूर हाताशी हवा. ब्राउझरकडे तो असतो. आभासी प्रिंटरपर्यंत अनेकदा फक्त आकारांचे क्रमांक पोचतात. त्याला अक्षरं माहीतच नसतात, तर तो लिहिणार काय? इंग्रजीत हे खपून जातं, कारण तिथे बहुतेक ठिकाणी एक अक्षर म्हणजे एक आकार आणि क्रमही तोच. मराठी, हिंदी, बंगाली, कन्नड, सगळ्यांना हा फटका बसतो.

लिनक्सवाल्यांसाठी: पॉपलर या संचात ‘पीडीएफफॉन्ट्स’ ही आज्ञा आहे. फाईलवर चालवली की प्रत्येक फॉन्ट आत बसवलाय का आणि त्याला युनिकोडचा तक्ता आहे का, हे रकान्यांत दिसतं. शेकडो फायली तपासायच्या असतील तर प्रत्येकीत शब्द शोधत बसण्यापेक्षा हे बरं.

पोफळी
शनिवार, दुपारी १२.४०

कळसूत्री, फार छान समजावलंत. वाचनखूण साठवली… नाही, पीडीएफ साठवली. 🙂 मॅकवर मला हा त्रास फारसा जाणवला नाही. तिथे कुठल्याही प्रोग्रॅममधून प्रिंट दिलं की त्याच खिडकीत पीडीएफचा पर्याय असतो, अगदी पहिल्यापासून.

कळसूत्री
शनिवार, दुपारी १२.५५

हो, मॅक ओएस टेनची चित्र काढायची पद्धतच पीडीएफच्या धर्तीवर बांधलेली आहे, त्यामुळे तिथे वेगळा आभासी प्रिंटर टाकावा लागत नाही. तरी मराठी शब्द शोधून बघाच. फॉन्टवरही बरंच अवलंबून असतं.

मंद्रसप्तक
शनिवार, दुपारी २.१०

मला दिसत नाही. मी एनव्हीडीए हा स्क्रीनरीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम, वापरतो, त्यातल्या ईस्पीकच्या मराठी आवाजात वाचतो. या धाग्यावर जे चाललंय ते माझ्या रोजच्या वाचनाशी निगडित आहे म्हणून लिहितोय.

कुणी लेख पीडीएफ करून पाठवतं तेव्हा पाठवणाऱ्याला तो व्यवस्थित दिसतो. माझ्याकडे तीन प्रकार होतात. फाईल नुसतं चित्र असेल तर स्क्रीनरीडर ‘रिकामं पान’ असं सांगतो. आत अक्षरं आहेत पण क्रम बिघडलाय, तर जे ऐकू येतं ते मराठी नसतं. आणि मजकूर धड असेल पण शीर्षकांच्या खुणा नसतील, तर चाळीस पानांच्या लेखात मला थेट तिसऱ्या भागाकडे जाता येत नाही, सगळं पहिल्यापासून ऐकावं लागतं.

क्रोम गेली काही वर्षं ‘सेव्ह ॲज पीडीएफ’ करताना शीर्षकं, याद्या, तक्ते यांच्या खुणा फाईलमध्ये ठेवतो. छपाईच्या वाटेने त्या येऊच शकत नाहीत, हे वर कळसूत्री यांनी सांगितलंच. तेव्हा एवढीच विनंती: फाईल दुसऱ्याला पाठवणार असाल तर रानजाईंची तपासणी करूनच पाठवा. तुम्हाला शब्द सापडला तर मलाही तो ऐकू येण्याची शक्यता भरपूर असते.

रानजाई
शनिवार, दुपारी २.३४

मंद्रसप्तक, तुमचा प्रतिसाद धाग्याच्या वर डकवून ठेवावा अशी विनंती मी व्यवस्थापकांना करते आहे.

तांबडी माती
शनिवार, संध्याकाळी ६.४५

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. आमच्याकडे रेंजचा भरवसा नाही, म्हणून घरून पानं साठवून नेतो आणि शाळेत प्रोजेक्टरवर दाखवतो. मराठी विश्वकोशातल्या नोंदी, विकिपीडिया, विज्ञानाचे लेख. अडचण अशी येते की काही पानांच्या पीडीएफमध्ये चित्रांच्या जागी कोरी चौकट असते. काही ठिकाणी वरची निळी पट्टी प्रत्येक पानावर येऊन दोन ओळी झाकते. आणि जाहिराती तर विचारू नका, दोन पानांचा लेख नऊ पानांचा होतो. उपाय आहे का?

रानजाई
शनिवार, संध्याकाळी ७.२०

सर, तिन्हींवर उपाय आहेत.

कोऱ्या चौकटी: हल्ली पानं चित्रं लगेच आणत नाहीत, आपण खाली सरकत जाऊ तशी आणतात. म्हणून प्रिंट देण्याआधी सावकाश शेवटापर्यंत खाली जायचं, चित्रं उमटू द्यायची, मग कंट्रोल पी. त्याच फेरीत ‘पुढे वाचा’, ‘अधिक दाखवा’ अशी मिटलेली कप्पे-कप्पे जागा असेल तर उघडून घ्यायची. जे मिटलेलं असतं ते पीडीएफमध्येही मिटलेलंच राहतं.

पट्टी आणि जाहिराती: फायरफॉक्समध्ये लेख उघडून एफ ९ दाबा, वाचनदृश्य येतं. फक्त शीर्षक, मजकूर, चित्रं. एजमध्येही एफ ९ च आहे, सफारीत ‘रीडर’. त्या दृश्यातूनच प्रिंट द्यायची. अक्षर मोठं करून घेतलंत तर मागच्या बाकावरूनही वाचता येईल. वाचनदृश्य कधी कधी तक्ते किंवा चित्राखालच्या ओळी गाळतं, म्हणून मूळ पानाशी एकदा ताडून बघा. ज्या पानाला वाचनदृश्य मिळत नाही तिथे यूब्लॉक ओरिजिन या ब्राउझरच्या जोडणीत (एक्स्टेन्शन) नको तो भाग टिपून तात्पुरता घालवता येतो.

विकिपीडियाच्या पानांना हे काही लागत नाही. छपाईसाठीची मांडणी त्यांनी स्वतःच केलेली आहे, बाजूच्या याद्या आपोआप गळतात.

कळसूत्री
शनिवार, संध्याकाळी ७.४१

शेवटच्या मुद्द्याला जोड देतो, इथे कुणी स्वतःचा ब्लॉग किंवा संकेतस्थळ चालवत असेल तर त्यांच्यासाठी. सीएसएसमध्ये, म्हणजे पानाची मांडणी ठरवणाऱ्या भाषेत, छपाईपुरते वेगळे नियम लिहिता येतात. पट्ट्या, मेनू, जाहिराती लपवायच्या, मजकूर पूर्ण रुंदीचा करायचा, शीर्षक पानाच्या तळाशी एकटं लटकू नये आणि चित्र दोन पानांत चिरू नये असं सांगायचं. पडद्यावर जागच्या जागी चिकटून राहणारी पट्टी छापताना प्रत्येक पानावर उमटते, सरांना छळणारी पट्टी तीच असणार. दहा-पंधरा ओळींचं काम आहे. तुमचा वाचक तुमचं लिखाण जपू बघतोय, त्याला एवढी मदत कराच.

टोरांटोकर
शनिवार, रात्री ९.०२

इकडे उत्तर अमेरिकेत राहणाऱ्यांनी कागदाच्या मापाकडे लक्ष द्यावं. आमच्या संगणकांवर आपोआप ‘लेटर’ निवडलेलं असतं, २१६ बाय २७९ मिलिमीटर. भारतात ए४, २१० बाय २९७. मी इथून पाठवलेली पीडीएफ आईबाबा पुण्यात छापतात तेव्हा पान आक्रसतं किंवा कडेची अक्षरं कापली जातात. घरच्यांसाठी करताना मुद्दाम ए४ निवडतो.

जुना टंक
शनिवार, रात्री १०.१५

२००५-०६ च्या आसपासची आठवण लिहितो, कारण पीडीएफचा एक मोठा गुण वर आलेला नाही.

तेव्हा मराठी संकेतस्थळं एकजात युनिकोडमध्ये नव्हती. अनेक वर्तमानपत्रांचे स्वतःचे फॉन्ट असायचे. फॉन्ट उतरवून घेतला नाही तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसायचा. त्या काळात काहींनी लेख एचटीएमएल (वेबपानाची मूळ फाईल) म्हणून साठवले, काहींनी आभासी प्रिंटरने पीडीएफ केले. आज एचटीएमएलवाल्यांकडे तो फॉन्ट नसेल तर पुन्हा कचराच. पीडीएफ मात्र जशीच्या तशी वाचता येते, कारण फॉन्टचे वापरलेले आकार तिच्या आत बसवलेले आहेत. कॉपी केली तर मजकूर निघत नाही हे खरं, पण डोळ्यांनी एकूण एक शब्द वाचता येतो. त्या फायली मला आभासी प्रिंटरनेच वाचवून दिल्या, म्हणून त्याच्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञता आहे.

अशा फायली शोधण्याजोग्या करायच्या असतील तर टेसरॅक्ट नावाचं मुक्त ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणारं सॉफ्टवेअर) आहे, त्यात मराठीची सोय आहे. स्वच्छ छपाईचं पान असेल तर बरंच काही पदरात पडतं. जोडाक्षरांत चुका राहतात, हाताने तपासावं लागतं.

ग्रंथपाल मावशी
रविवार, सकाळी ८.३०

जुना टंक यांच्या मुद्द्याला धरूनच. फॉन्ट आत असलेच पाहिजेत, बाहेरच्या कशावर अवलंबून राहायचं नाही, पासवर्ड नको, अशा अटी घालून दीर्घकाळ जतनासाठी पीडीएफचा एक वेगळा प्रकार ठरवलेला आहे, पीडीएफ/ए. २००५ पासून तो आंतरराष्ट्रीय मानक आहे. साधं पीडीएफ २००८ मध्ये मानक झालं, म्हणजे जतनाचा प्रकार आधी आला. ब्राउझरचं ‘सेव्ह’ पीडीएफ/ए देत नाही. लिब्रेऑफिसमधून निर्यात करताना तो पर्याय मिळतो. घरगुती संग्रहाला साधी पीडीएफ पुरते, पण संस्थेचा इतिहास, गावाची कागदपत्रं असं काही जमवत असाल तर ही एक पायरी जास्त करा.

दुसरं, इंटरनेट अर्काइव्हचं वेबॅक मशीन विसरू नका. आपली पीडीएफ आपल्या संगणकावर राहते. तिथे ‘सेव्ह पेज नाऊ’मध्ये पत्ता टाकला तर पान सगळ्यांसाठी राहतं आणि तारखेसह राहतं. लॉगिन करून दिसणारी पानं तिथे जात नाहीत. मी दोन्ही करते.

बांधावरून
रविवार, सकाळी ११.०५

गावाकडं एक प्रकार सारखा बघायला मिळतोय, तो सांगतो. महसूल खात्याच्या साइटवरून पैसे भरून डिजिटल सहीचा सातबारा काढता येतो. लोक ती पीडीएफ उघडतात आणि पुन्हा प्रिंट टू पीडीएफ करून ‘साठवतात’, कुणी चार उतारे एकत्र करायला, कुणी मोबाइलवर पाठवायला. दिसायला सही दिसते, पण ती आता नुसतं चित्र झालेली असते. असं करू नका. उतरवलेली मूळ फाईल तशीच ठेवा.

रानजाई
रविवार, सकाळी ११.२२

बांधावरून दादा, हे सांगितलंत ते फार बरं केलंत, मूळ लेखात यायलाच हवं होतं इतकं महत्त्वाचं आहे. डिजिटल सही फाईलच्या आत गणिताने बांधलेली असते. आभासी प्रिंटर त्या पानाचं रेखाटन घेऊन संपूर्ण नवी फाईल बनवतो, त्या नव्या फाईलवर कुणाचीच सही नसते. ई-आधारचंही तेच. त्याला पासवर्ड असतो, तो दर वेळी टाकायचा कंटाळा म्हणून लोक पुन्हा प्रिंट करून बिनपासवर्डची प्रत करतात. पासवर्डाबरोबर सहीही जाते. शासन निर्णय, डिजिलॉकरमधली प्रमाणपत्रं, जे मुळात पीडीएफ म्हणूनच मिळतं ते ‘डाउनलोड’ करायचं. प्रिंटच्या वाटेला जायचंच नाही.

कायदेकानू
रविवार, दुपारी १.१५

वकिलीच्या बाजूने थोडी भर. ‘त्या पानाची पीडीएफ माझ्याकडे आहे, आता मी कोर्टात दाखवतो’ असं अशील ठामपणे म्हणतात. नुसती पीडीएफ पुरत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ हा १ जुलै २०२४ पासून लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीबरोबर प्रमाणपत्र द्यावं लागतं. पूर्वी हे १८७२ च्या कायद्यात ६५-ब मध्ये होतं. नव्या नमुन्यात फाईलचं हॅश मूल्यही (फाईलवरून गणिताने निघणारी ओळखखूण) लिहावं लागतं, आणि एक भाग पक्षकाराने, दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो. प्रकरण गंभीर असेल तर पान साठवल्या दिवशीच वकिलाला गाठा, फाईलला हात लावू नका, पुन्हा ‘सेव्ह’ही करू नका.

पत्ता आणि तारीख फाईलवर असणं मात्र फार उपयोगी पडतं. रानजाईंनी ‘हेडर्स अँड फूटर्स’ चालू ठेवा म्हटलंय, त्याला माझं जोरदार अनुमोदन. पान सुबक दिसावं म्हणून बहुतेक जण नेमकं तेच बंद करतात.

शेवंती
रविवार, दुपारी ३.५०

मी लिहिते, म्हणून लेखकाच्या बाजूने बोलते.

माझे लेख पीडीएफ होऊन व्हॉट्सॲपवर फिरत माझ्याकडेच परत येतात, वर ‘आवर्जून वाचा’ असं लिहून, आणि खाली माझं नाव नसतं. साठवणाऱ्याने वाईट हेतूने केलेलं नसतं. वाचनदृश्यातून किंवा मजकूर निवडून प्रिंट देताना नाव आणि पत्ता निसटतो एवढंच. पण पुढे दहा हातांतून गेल्यावर तो लेख निनावी होतो आणि कुणीतरी त्याला चौथंच नाव चिकटवतं. एकदा चिकटलेलं नाव काढणं माझ्या हातात राहत नाही.

स्वतःसाठी साठवा, हवं तितकं साठवा, मला त्यात आनंदच आहे. साठवताना लेखकाचं नाव आणि मूळ पानाचा पत्ता फाईलमध्ये आहे ना, ते बघा. दुसऱ्याला वाचायला द्यायचं तर पान जिवंत असेपर्यंत दुवा द्या, पीडीएफ नको.

रानजाई
रविवार, दुपारी ४.३०

शेवंती ताई, अगदी. क्रोम वरच्या कडेला तारीख आणि पानाचं शीर्षक छापतो, खालच्या कडेला पत्ता आणि पानक्रमांक. फायरफॉक्समध्येही तशी सोय आहे. पत्ता लांबलचक असेल तर कधी कधी कापला जातो, म्हणून मी फाईलच्या नावातच तारीख, लेखक, शीर्षक असं लिहिते. तारीख वर्षापासून सुरू केली, म्हणजे २०२४-०६-१५ अशी, की फोल्डरमध्ये सगळं आपोआप क्रमाने लागतं. वाचनदृश्यातून साठवताना लेखकाचं नाव वर आलंय का ते तर डोळ्यांनी बघायलाच हवं.

घोसाळे
रविवार, संध्याकाळी ६.१०

मोबाइलवर काय करायचं? संगणक नाही माझ्याकडे.

पोफळी
रविवार, संध्याकाळी ६.३२

अँड्रॉइडवर क्रोममध्ये तीन टिंबं, शेअर, प्रिंट, आणि वर प्रिंटर निवडायच्या जागी ‘सेव्ह ॲज पीडीएफ’. अँड्रॉइड ४.४ पासून ही सोय आतच आहे, वेगळं ॲप लागत नाही. आयफोनवर शेअरमधून प्रिंट घ्यायची आणि जे छोटं पान दिसतं ते दोन बोटांनी मोठं करायचं, त्याची पीडीएफ होते, मग पुन्हा शेअर करून फाइल्समध्ये ठेवायची. आयफोनच्या सफारीत स्क्रीनशॉट काढल्यावर ‘फुल पेज’ म्हणून पीडीएफ साठवता येते, पण ते सलग एकच लांब पान होतं, छापायला बरं नाही.

साकव
रविवार, संध्याकाळी ६.५०

मोबाइलवाल्यांनो आणि सगळ्यांनोच, एक इशारा. ‘पत्ता टाका, पीडीएफ मिळवा’ अशा साइट बऱ्याच आहेत. तिथे आपला मजकूर त्यांच्या सर्व्हरवर जातो. बँकेचं पान, आयकराचं पान, दवाखान्याचे रिपोर्ट यांच्यासाठी त्या अजिबात वापरू नका. वेगळा आभासी प्रिंटर टाकताना त्याच्या निर्मात्याच्या साइटवरूनच घ्या आणि बसवताना प्रत्येक खूण वाचून पुढे जा, सोबत नको ते प्रोग्रॅम चिकटून येतात. विंडोज १० किंवा ११ असेल तर टाकायची गरजही नाही. तो प्रिंटर यादीतून गायब झाला असेल तर ‘विंडोज फीचर्स’मध्ये जाऊन पुन्हा चालू करता येतो.

तांबडी माती
रविवार, रात्री ८.२५

रानजाई मॅडम, विश्वकोशाच्या नोंदी वाचनदृश्यातून काढल्या, सुटसुटीत आल्या. आणखी एक विचारायचं होतं. ज्या लेखाखालची चर्चा पाच-सहा पानांवर गेलेली आहे तो सगळा धागा एकाच फाईलमध्ये कसा आणायचा? मुलांना वादविवादाचा नमुना म्हणून असा एक धागा दाखवायचाय.

रानजाई
रविवार, रात्री ८.५८

सर, आधी बघा की धाग्याच्या सेटिंगमध्ये एका पानावर जास्त प्रतिसाद दाखवायची सोय आहे का. असली तर संख्या वाढवून सगळं एकाच पानावर घ्या आणि एकदाच साठवा, सर्वांत स्वच्छ काम तेच. नसेल तर प्रत्येक पान वेगळं साठवायचं, नावाच्या शेवटी ०१, ०२, ०३ असा क्रमांक द्यायचा आणि पीडीएफसॅम या पीडीएफ जोडायच्या प्रोग्रॅममध्ये ‘मर्ज’ करायचं. तो फुकट आहे आणि फायली तुमच्याच संगणकावर राहतात. जोडण्यासाठी पुन्हा आभासी प्रिंटरमधून काढू नका, नाहीतर सांभाळलेला मजकूर आणि दुवे त्या शेवटच्या पायरीला जातील. मर्ज करताना ते टिकतात.

आणि मुलांना दाखवण्याआधी प्रतिसाद देणाऱ्यांची टोपणनावं ठेवायची की झाकायची ते तुम्ही ठरवा. हाच धागा घेणार असाल तर माझी हरकत नाही.

मंद्रसप्तक
रविवार, रात्री ९.२०

माझीही नाही. मर्ज केलेली फाईल शक्य झालं तर मला पाठवा सर, शीर्षकांच्या खुणा जोडल्यानंतरही शाबूत राहतात का ते ऐकून इथे लिहितो.